सही कोणाची?

वर्ड उघडा, एक्सेल उघडा, जीमेल उघडा. कोपऱ्यात एक चकाकतं चिन्ह बसलेलं असतं. विचारा, लिहून देतो. सांगा, सारांश काढतो. या मदतनिसाला कामावर घ्यायचं कोणी ठरवलं? ऑफिसात कोणालाच सांगता येत नाही.

कारण ते ऑफिसात ठरलंच नाही. सॉफ्टवेअरच्या वर्गणीबरोबर तो आला.

शिपायाची जागा भरायची तरी आपण चार माणसं बघतो, ओळख विचारतो, सहा महिने कच्च्या नोकरीवर ठेवतो. पत्रं, हिशेब आणि फायली वाचू शकणाऱ्या या पाहुण्याला मात्र कोणी काही विचारलं नाही. एक दिवस अपडेट आलं आणि तो आत होता.

आधी पैशाचं बोलू.

मायक्रोसॉफ्टचा कोपायलट १ नोव्हेंबर २०२३ पासून मोठ्या कंपन्यांना मिळू लागला. भाव माणशी महिन्याला ३० डॉलर, तोही मूळ वर्गणीच्या वर. शिवाय किमान ३०० जणांसाठी घ्या, ही अट. जानेवारी २०२४ मध्ये अट गेली. जानेवारी २०२५ मध्ये त्यातला साधा चॅट कंपनीच्या खात्यांना जादा पैसे न घेता मिळू लागला. दुकानदार सव्वा वर्षात एवढा खाली उतरला, तर गिऱ्हाइकाने खूश व्हायचं की सावध?

गुगलने त्याच जानेवारीत दुसरी वाट धरली. जेमिनाय या त्याच्या मदतनिसाचे आधी वेगळे पैसे होते. तो वर्कस्पेसच्या व्यावसायिक योजनांमध्येच घातला आणि योजनांचे दर वाढवले. बिझनेस स्टँडर्ड योजनेचा अमेरिकेतला दर माणशी १२ डॉलरवरून १४ वर गेला. जेमिनाय नको असेल तर ॲडमिनला तो बंद करता येतो. वाढलेला दर बंद करता येत नाही.

खाणावळीने थाळीत गुलाबजाम वाढला आणि थाळीचा दरही वाढवला, तर मधुमेह असलेला माणूस लगेच विचारतो, बिनगुलाबजामची थाळी आहे का? ऑस्ट्रेलियात हाच प्रश्न कोर्टात गेला.

तिथल्या ग्राहक आयोगाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टवर दावा ठोकला. घरगुती वर्गणीत कोपायलट घालून वर्षाचा दर १०९ वरून १५९ ऑस्ट्रेलियन डॉलर केला, पण कोपायलट नसलेली जुन्या दराची योजनाही शिल्लक आहे हे सुमारे २७ लाख ग्राहकांना सांगितलं नाही, असा आरोप. ती योजना दिसायची कधी? वर्गणी रद्द करायला निघाल्यावर. नोव्हेंबरमध्ये कंपनीने माफी मागितली आणि फरकाचे पैसे परत द्यायची तयारी दाखवली.

त्या ग्राहकांच्या मागे एक आयोग उभा राहिला. आपल्याकडच्या वीस टेबलांच्या ऑफिसमागे कोण उभं राहणार? त्याचं बिल त्यानेच वाचायचं. गेल्या वर्षीचं आणि यंदाचं बिल शेजारी ठेवून कोणी पाहिलंय का?

फुकटाचा मोसमही जोरात होता. जुलै २०२५ मध्ये एअरटेलने आपल्या ग्राहकांना परप्लेक्सिटी या एआय मदतनिसाची वर्षाची वर्गणी फुकट देऊ केली. ऑक्टोबर संपता संपता जिओने जेमिनायची दीड वर्षाची. नोव्हेंबरपासून चॅटजीपीटीनेही भारतात एक योजना वर्षभर मोफत केली. वर्षभरात सवय लागते. बिल त्यानंतर येतं.

‘पण वेळ वाचतो ना?’

हा प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याचं उत्तरही नीट हवं. ब्रिटनच्या सरकारने २०२४ च्या शेवटच्या महिन्यांत २० हजार कर्मचाऱ्यांना कोपायलट दिला. निष्कर्ष आला : दिवसाला सरासरी २६ मिनिटं वाचली. जगभर मथळे झाले. ती मिनिटं घड्याळ लावून मोजलेली नव्हती. कर्मचाऱ्यांनी स्वतःच सांगितलेली होती.

त्याच ब्रिटनमध्ये, जवळपास त्याच महिन्यांत, व्यापार खात्याने हजारेक परवाने देऊन वेगळी पाहणी केली. ईमेल आणि अहवालांचे सारांश लवकर झाले. एक्सेलमधलं विश्लेषण मात्र हळू झालं आणि दर्जाही घसरला. सादरीकरणाच्या स्लाइड पटकन झाल्या, पण त्यांची प्रत खालावली. आणि खात्याची एकूण उत्पादकता? ती वाढल्याचा पुरावा पाहणीला मिळाला नाही.

एकच देश, एकच अवजार, एकच हंगाम. आपल्या साहेबांच्या स्लाइडवर यातला कोणता आकडा येतो, हे तुम्हाला सांगायला नको.

वेळ वाचल्यासारखं वाटणं आणि वेळ वाचणं यांत किती अंतर असतं? जुलै २०२५ मध्ये अमेरिकेतल्या मेटर या संशोधन संस्थेने १६ अनुभवी प्रोग्रामरांवरचा प्रयोग जाहीर केला. एआय वापरून आपण २० टक्के लवकर काम केलं, असं त्यांना वाटत होतं. घड्याळ म्हणालं, १९ टक्के जास्त वेळ लागला. सोळाच माणसं, काम एकाच प्रकारचं, त्यामुळे जगाचा निकाल त्यावरून लावू नये. पण स्वतःच्या अंदाजावर विसंबू नये, एवढं त्यातून नक्की शिकावं.

कारण लिहिण्याचा वेळ वाचतो, तपासण्याचा वाढतो. आणि तपासण्याचा वेळ कुठल्याच तक्त्यात धरलेला नसतो.

आता मुद्द्याचं.

मदतनीस चुकतो, यात धक्का बसण्यासारखं काही नाही. माणूसही चुकतो. पण माणूस चाचरतो, डोकं खाजवतो, ‘जरा बघून सांगतो’ म्हणतो. हे यंत्र मागच्या शब्दांवरून पुढचे शब्द जुळवतं. खरं उत्तर आणि रचलेलं उत्तर दोन्ही एकाच ठसक्यात येतात. चूक कुठे असेल, याचा सुगावाच लागू देत नाही.

मुंबई उच्च न्यायालयात ऑक्टोबर २०२५ मध्ये काय झालं ते पाहा. एका कंपनीने ३.०९ कोटींचं उत्पन्न दाखवलं होतं. प्राप्तिकर खात्याच्या आदेशाने ते २७.९१ कोटी ठरवलं. आदेशात निवाड्यांचा आधार होता. ते निवाडे अस्तित्वातच नव्हते. न्यायालयाने आदेश रद्द केला आणि बजावलं की एआयच्या या काळात यंत्राने पुढे केलेल्या उत्तरांवर डोळे झाकून विसंबू नका, वापरण्याआधी ती पडताळून पाहा.

चोवीस कोटींहून जास्त फरक, आणि आधाराला न झालेले निवाडे. त्या कंपनीला उच्च न्यायालयापर्यंत जाता आलं. ज्याला वकील परवडत नाही त्याच्या नोटिशीत असा निवाडा आला तर?

मोठी नावंही यातून सुटलेली नाहीत. डेलॉइटने ऑस्ट्रेलियाच्या सरकारला सुमारे ४ लाख ४० हजार ऑस्ट्रेलियन डॉलरचा एक अहवाल करून दिला. त्यात नसलेल्या संशोधनांचे संदर्भ निघाले, न्यायालयाच्या तोंडी न बोललेलं वाक्य निघालं. दुरुस्त आवृत्तीत एआय वापरल्याची कबुली आली आणि कंपनीने २०२५ मध्ये काही रक्कम परत केली. सल्ल्याचे एवढे पैसे घेणाऱ्यांकडेही तळटीप उघडून पाहणारा कोणी नव्हता?

असणारच. त्याला वेळ दिला नसेल किंवा त्याच्यावर ते काम सोपवलं नसेल. या दोन्हीचा दोष टेबलावरच्या माणसाकडे जात नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते मी ठासून म्हणतो. यंत्र सॉफ्टवेअर कंपनीने निवडलं, पैसे मालकाने भरले, वेग साहेबांनी ठरवला. चूक झाली की मात्र सही कोणाची आहे ते बघतात. खापर त्याच्याच डोक्यावर फुटतं.

उदाहरणासाठी कोर्टापर्यंत जायला नको. आपल्या गृहनिर्माण संस्थेच्या ऑफिसात जा. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असते. चिटणीस बाई नोकरी सांभाळून हे काम करतात, मानधन नावापुरतं. त्या मदतनिसाला सांगतात, सभेची नोटीस लिही.

नोटीस सुरेख येते. मायना ठीक, विषयपत्रिका ठीक, भाषा गुळगुळीत. आणि मध्येच एक आकडा : सभासदांना २१ दिवसांची सूचना. आदर्श उपविधींत आहेत १४ दिवस. एकवीस आले कुठून? कंपनी कायद्यातून. यंत्राने वाचलेल्या ढिगात कंपन्यांच्या नोटिसा जास्त असतील, तर उत्तर तिकडे झुकतं. आकडा खोटा नाही, पत्ता चुकलेला आहे.

एकवीसने एक वेळ बिघडणार नाही, दिवस जास्तच मिळतील. उलट झालं तर? विशेष सभेचे ५ दिवस वार्षिक सभेच्या नोटिशीत आले, ते कोणाच्या ध्यानात आलं नाही आणि एखाद्या नाराज सभासदाने उपनिबंधकांकडे तक्रार केली, तर सभाच वादात. तिथे उत्तर द्यायला मदतनीस जात नाही. बाई जातात.

बैठकीचं इतिवृत्त घ्या. ऑनलाइन बैठक संपल्या संपल्या मुद्दे तयार, कोणी काय कबूल केलं त्याची यादी तयार. आता एका खोलीत एकाच लॅपटॉपसमोर पाच जण बसलेले आहेत, असं धरा. आवाज ओळखण्याची वेगळी सोय केलेली नसेल, तर पाचही जणांचं बोलणं लॅपटॉप ज्याचा त्याच्या नावावर चढतं. कंत्राटदाराला मुदतवाढ द्या, असं म्हणाले साहेब. नोंद झाली कनिष्ठ अभियंत्याच्या नावावर.

सहा महिन्यांनी लेखापरीक्षण लागलं की तीच नोंद बाहेर येते. तेव्हा खोलीत कोण बसलं होतं, हे कोण सांगणार?

जुन्या फायलींची गोष्ट याहून गंभीर. महाराष्ट्रात युनिकोड रुळण्याआधीची कितीतरी वर्षं आपण श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी अशा फॉन्टमध्ये टाइप केली. पडद्यावर अक्षर मराठी दिसतं. फायलीच्या पोटात मात्र रोमन अक्षरं आणि खुणा साठवलेल्या असतात. फॉन्ट काढून घेतला की राहतो नुसता चिन्हांचा गुंता. मदतनिसाला तोच दिसतो.

त्याला विचारा, या जमिनीबद्दल संस्थेचे जुने ठराव कोणते? तो २०१५ नंतरचे दोन दाखवेल. त्याआधीचे पाच त्याच फोल्डरमध्ये पडलेले असतात, पण त्याच्या लेखी तिथे मजकूरच नाही. विचारणारा नवा असेल तर समजतो, ठराव दोनच झाले.

सापडलं नाही आणि झालं नाही, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तो फरक जाणणारे हेडक्लार्क गेल्या वर्षी निवृत्त झाले. त्यांच्या जागी भरती नाही.

आता कुलपांकडे वळू. हा मदतनीस तुमच्या ऑफिसच्या फायलींत शोधतो तेव्हा एक नियम पाळतो : जी फाइल उघडायची परवानगी तुम्हाला आहे, तीच तो तुमच्यासाठी वाचतो. ऐकायला चोख. पण परवानग्या कोणी, कधी, कशा दिल्या? घाईत ‘सर्वांना’ म्हणून दिल्या. पगाराचा तक्ता तीन वर्षं सगळ्यांना उघडा होता. कोणाला ठाऊक नव्हतं, म्हणून झाकला गेला होता.

आता कोणीही सहज विचारतो, आपल्या विभागात कोणाला किती पगार? आणि उत्तर येतं. यंत्राने कुलूप तोडलं नाही. कुलूप लावलेलंच नव्हतं.

मग खापर कोणावर? विचारणाऱ्यावर. त्याने विचारलंच कसं, म्हणून त्याची चौकशी. ज्याने फोल्डर उघडं टाकलं त्याचं नावही निघत नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी, ती हीच.

बाहेरचा धोकाही आहेच. जून २०२५ मध्ये सुरक्षा संशोधकांनी कोपायलटमधलं ‘इकोलीक’ नावाचं भगदाड उघड केलं. एक साधा दिसणारा ईमेल पाठवायचा, त्यात मदतनिसासाठी छुपा हुकूम पेरायचा. तुम्ही कशावरही क्लिक न करता तो तुमच्या फायलींतली माहिती बाहेर धाडू शकेल, अशी ती युक्ती. मायक्रोसॉफ्टने भगदाड बुजवलं आणि कोणा ग्राहकाचं नुकसान झालं नसल्याचं सांगितलं. पण आलेलं पत्र वाचणारा आणि पत्रातलाच हुकूम मानणारा कारकून आपण कधी ठेवला असता का?

सरकारला याची जाणीव आहे. केंद्रीय अर्थ मंत्रालयाने २९ जानेवारी २०२५ च्या परिपत्रकात चॅटजीपीटी, डीपसीकसारखी साधनं ऑफिसच्या यंत्रांवर वापरू नका, असं बजावलं. कारण गोपनीय कागद. कारण पटण्यासारखं आहे. पण नुसत्या मनाईने काम भागतं का?

मनाई केली की माणूस खिशातला मोबाइल काढतो. ऑफिसचं पत्र स्वतःच्या फुकट खात्यात चिकटवतो आणि उत्तर घेतो. तिथे ऑफिसचा करार नाही, नोंद नाही, लगाम नाही. ऑफिसच्या खात्यातल्या मदतनिसाबाबत निदान कंपनीने लिहून दिलेलं असतं की तुमच्या मजकुरावर आमचं मूळ मॉडेल शिकवणार नाही. या बाबतीत वर्गणीबरोबर आलेला मदतनीस फुकटच्यापेक्षा बरा, हे मान्य करायलाच हवं.

म्हणून ‘वापरू नका’ हा नियम आळशी आहे. ‘हवं तसं वापरा’ हा बेजबाबदार. काय विचारावं आणि काय विचारू नये, हे लिहून देणं कष्टाचं आहे. तेच करायचं राहिलं आहे.

वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षणाचा कायदा २०२३ चा, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, टप्प्याटप्प्याने लागू होताहेत. सुरक्षेत हयगय झाली तर दंड २५० कोटींपर्यंत जाऊ शकतो. पतसंस्थेच्या व्यवस्थापकाने कर्जदारांची यादी मदतनिसाला देताना हा आकडा त्याला कोणी सांगितला आहे का?

सांगितलं जातं ते वेगळंच. सांगितलं जातं, वापरा.

कारण पैसे भरलेत. मग कोणी किती वेळा वापरलं, याचा तक्ता व्यवस्थापनाला दिसतो. तक्ता दिसला की उद्दिष्ट येतं. उद्दिष्ट आलं की माणसं नको तिथेही बटण दाबतात. दोन ओळींचा निरोपसुद्धा मदतनिसाकडून लिहून घेतात, कारण दाबलेलं मोजलं जातं.

काम झालं का, ते कुठे मोजलं जातं?

डिसेंबर २०२५ मध्ये टीसीएस, इन्फोसिस, विप्रो आणि कॉग्निझंट यांनी प्रत्येकी ५० हजारांहून अधिक कोपायलट परवाने घेत असल्याचं जाहीर झालं. मिळून दोन लाखांच्या वर. ते वापरणारे कितीतरी जण हिंजवडीत, ऐरोलीत, मिहानमध्ये बसतात. एवढ्या माणसांच्या हातात अवजार दिलं, ही बातमी झाली. त्या माणसांना तपासायला किती वेळ दिला, याची बातमी कोणी छापली नाही.

हे सगळं वाचून कोणी म्हणेल, म्हणजे यंत्रच नको. नाही. असं म्हणणारा माणूस एक गोष्ट विसरतो.

जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकून पुण्याच्या ऑफिसात आलेली मुलगी आठवा. हिशेबात पक्की, कामाला वाघ. पण इंग्रजीत पत्र लिहायचं म्हटलं की तिचे हात थांबतात. शेजारच्या टेबलावरचा कॉन्व्हेंटवाला अर्ध्या वकुबावर पुढे जातो, कारण त्याचं ईमेल ऐटबाज असतं. आज ती आपलं म्हणणं मराठीत लिहिते आणि इंग्रजी पत्र करून घेते. कोणाची मिनतवारी नाही, कोणाचं हसू नाही.

एवढ्या एका गोष्टीसाठी मी या यंत्राच्या बाजूने उभा राहीन. आपल्या ऑफिसांतली इंग्रजीची दहशत कोणत्याही आयोगाने कमी केली नव्हती.

एक्सेलचं अडलेलं सूत्र, चाळीस ईमेलच्या साखळीत नक्की काय ठरलं ते, पत्राचा कच्चा खर्डा. ही कामं तो चांगली करतो. या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. उत्तर बरोबर की चूक, हे विचारणाऱ्याला स्वतःला कळतं. सूत्र चुकलं तर बेरीज जुळत नाही. पत्रात भलतंच आलं तर त्या मुलीला दिसतं, कारण म्हणणं तिचं आहे.

कसोटी हीच. उत्तर तुम्हाला तपासता येत असेल तर खुशाल विचारा. येत नसेल तर ज्याला येतं त्याला विचारा.

आणि तपासता येणारी माणसं तयार कशी होतात? चुका करत, खर्डे लिहीत, साहेबांच्या लाल शाईने रंगलेलं इतिवृत्त पुन्हा लिहीत. नव्या मुलांकडून हे कामच काढून घेतलं, तर दहा वर्षांनी मदतनिसाची चूक ओळखणार कोण? तेव्हा बाजारातून हेडक्लार्क विकत मिळणार नाहीत.

काही जण म्हणतात, पुढची आवृत्ती येऊ द्या, चुका कमी होतील. होतीलही. पण चुका शंभरात वीस असतात तेव्हा माणूस दर ओळ वाचतो. शंभरात एक झाली की वाचणं सोडतो. आणि नेमकी तीच एक कर्जमाफीच्या यादीत निघाली तर? एका शेतकऱ्याचं नाव गळलं, हे शंभरात एक या हिशेबात बसतं. त्या शेतकऱ्याच्या घरात बसत नाही.

मग करायचं काय? फार नाही. वर्गणीच्या नूतनीकरणाची तारीख जवळ येईल. त्याआधी मालकांनी, सचिवांनी, व्यवस्थापकांनी खर्चाचा कागद बाजूला ठेवून टेबलावरच्या माणसांना बोलवावं.

पहिलं त्यांना विचारावं : कोणत्या कामात याचा उपयोग झाला आणि कोणत्यात दुप्पट काम पडलं? विक्रेत्याच्या माहितीपत्रकात हे उत्तर नसतं. आवक-जावक बघणाऱ्या ताईंकडे असतं.

दुसरं, एक पान लिहावं. एकच, आणि मराठीत. आधार क्रमांक, आजाराचे कागद, कर्जदारांची यादी, न उघडलेल्या निविदा यांपैकी काय मदतनिसापुढे ठेवायचं नाही, ते नावानिशी. ‘संवेदनशील माहिती टाळावी’ असं मोघम लिहिलेला नियम साहेबांच्या बचावासाठी असतो, कारकुनाच्या मदतीसाठी नव्हे.

तिसरं, फोल्डरांना कुलपं लावावीत. हे काम मदतनीस येण्याआधीच करायचं होतं. आता तरी करा.

चौथं, सगळ्यांत महत्त्वाचं. मदतनिसाने लिहिलेल्या कागदावर ज्याची सही, त्याच्या दिवसात वाचायचा वेळ धरा. रोज वीस पत्रं निघत होती तिथे आता साठ निघाली पाहिजेत, असा हुकूम काढलात तर ती साठ न वाचताच निघतील. आणि मग एकविसावं पत्र चुकलं म्हणून कारणे दाखवा नोटीस काढायचा नैतिक अधिकार तुम्हाला उरत नाही.

‘हे बरोबर वाटत नाही, मी सही करणार नाही’ असं म्हणणाऱ्या कर्मचाऱ्याला अडेलतट्टू ठरवू नका. त्या दिवशी तुमच्या ऑफिसातलं सगळ्यांत मोलाचं काम त्याने केलेलं असतं.

विक्रेत्याच्या करारात आणि पडद्याच्या तळाशी बारीक अक्षरात एक ओळ असतेच : उत्तरं चुकीची असू शकतात, तपासून घ्या. म्हणजे बनवणाऱ्यानेही जबाबदारी घेतलेली नाही. त्याने ती सरळ तुमच्याकडे टोलवली आहे. तुम्ही ती खालच्या टेबलावर टोलवू नका.

ऑफिसचा कागद ऑफिसपुरता नसतो. त्यावर कोणाचं पेन्शन अडलेलं असतं, कोणाची सातबाऱ्यावरची नोंद, कोणाच्या मुलीची शिष्यवृत्ती. त्या माणसाला यंत्राशी देणंघेणं नाही. आपला कागद कोणी तरी नीट वाचला, एवढीच त्याची अपेक्षा आहे, आणि ती हक्काची आहे.

सही करणाऱ्याला वाचायला वेळ द्या. तेवढं देणं परवडत नसेल, तर मदतनीसही परवडत नाही. बंद करा.